पाळीवरची पंगत

कल्पना करा, मे महिन्याचं ऊन डोक्यावर आहे आणि तुम्हाला फुटलेल्या तलावाची पाळ बांधायची आहे. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिला मधोमध एवढं भगदाड पडलंय, की दोन बैलबंड्या शेजारी शेजारी त्यातून सहज निघतील. माती नुसती ओतून भागत नाही. तलावाच्या पोटातली चिकणी माती खणायची, ढेकळं फोडायची, वीतभर जाडीचा थर पसरायचा, त्यावर पाणी शिंपायचं, जड लाकडी धुमसानं ठोकून बसवायचा आणि मग वर दुसरा थर घालायचा. घाई केली, एखादा थर कोरडा राहिला, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथूनच वाट काढतं. तुमच्या हातांना आजवर पेनाची सवय. दुपारपर्यंत तळव्याला फोड येतात. आणि ज्यांच्या धानासाठी हे चाललंय ती माणसं पाळीवरच्या मोहाखाली सावलीत बसून तुमच्याकडे शांतपणे बघत आहेत. शिवी नाही, विरोध नाही, आणि मदतही नाही. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

शामकला बिसेननं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून लिहितो आहे. माझा ओव्हरसियरचा कोर्स संपत आला होता आणि त्या शिबिरात थरांच्या खुणा ठोकायचं काम माझ्याकडे होतं.

शामकलाचे वडील भैय्यालाल बिसेन गोंदियाच्या बाजारातले धान्याचे लहान व्यापारी. कुडव्याकडे त्यांची थोडी शेती होती, ती वाट्यानं दिलेली. घरात आईशी पवारी, दुकानात हिंदी, शाळेत मराठी, अशा तीन भाषांत ही मुलगी वाढली. उन्हाळा मात्र दरवर्षी मामाच्या गावी, कामठ्याच्या पलीकडे सालईटोल्याला जायचा. पोहायला ती त्याच गावच्या तलावात शिकली. मामाच्या म्हशीचं शेपूट धरायचं आणि म्हैस नेईल तिकडे जायचं, ही तिची पोहण्याची शाळा. मॅट्रिक झाल्यावर तिला नागपूरला कॉलेजात पाठवायचं ठरलं, तेव्हा भैय्यालालजींच्या दुकानात बसणाऱ्या लोकांनी बरंच काही ऐकवलं. मुलगी शिकून तराजू धरणार का, असंही कुणी विचारलं. भैय्यालालजींनी गिऱ्हाइकाचं धान्य मोजता मोजताच सांगितलं, की तराजू तर ती आत्ताही धरते.

सालईटोल्याचा तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि तेव्हापासून पाळीवर कुणी टोपलंभर मातीही टाकली नाही. सत्तावन सालच्या श्रावणात पाळ फुटली. पाणी एका सकाळीत वाहून गेलं. पुढे हस्त नक्षत्र कोरडं गेलं आणि ऐन लोंबीवर आलेला धान उभ्या जागी वाळला. मामानं, मनिरामनं, त्या वर्षी कापणी केली ती दाण्यासाठी नव्हे, बैलांच्या वैरणीला लागणाऱ्या तणशीसाठी.

आमच्या कॉलेजांचं मिळून एक सेवा मंडळ होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर कुठे घ्यायचं याची सभा भरली. एका खेड्याच्या रस्त्याचं काम जवळपास ठरलं होतं. शामकला उठली आणि तिनं तलावाचं सांगितलं. ती काही वक्ता नव्हती. पण वाळलेली लोंबी चिमटीत धरली की कशी पोकळ लागते, ते तिनं असं सांगितलं की सभागृहात बसलेल्या शहरी पोरांनी नकळत बोटं चोळून पाहिली. तलाव ठरला. मात्र शिबिराच्या प्राध्यापकांनी एक अट घातली. गावानं बरोबरीनं राबायला हवं. आदल्या वर्षी मुलांनी एका गावात खतासाठी खड्डे खणून दिले होते आणि गावानं ते महिन्याभरात बुजवून टाकले होते. जे काम गावाचं नाही ते टिकत नाही, असं सरांचं मत होतं. सालईटोला कामाला लागला नाही, तर शिबिर उचलून त्या रस्त्याच्या कामावर न्यायचं.

म्हणजे मृगापूर्वी पाळ उभी राहणार की मामाचा गाव दुसऱ्या वर्षीही तणीस कापणार, एवढंच पणाला लागलं होतं. आणि गावाची जबाबदारी शामकलानं भर सभेत आपल्या अंगावर घेतली होती.

आम्ही पोचलो. मुलांचे तंबू आमराईत, मुली शाळेच्या खोलीत. पहिल्याच दिवशी शामकलाच्या वाट्याला भोजन विभाग आला. मातीत उतरण्यासाठी आलेल्या मुलीला चुलीपुढे बसवलं, म्हणून ती धुसफुसत होती. पण काम अंगावर आलं की ते चोख करायचं हा तिचा स्वभाव. शिबिराचा एक नियम होता, गावचा एक दाणाही खायचा नाही. तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सगळं आम्ही नागपूरहून ट्रकमध्ये भरून आणलं होतं. गरीब गावावर पन्नास तोंडांचं ओझं नको, हा त्यामागचा हेतू. नियम चांगलाच होता.

त्या दिवशी दुपारी तिची मामी देवकाबाई डोक्यावर कढीचं भांडं आणि कडेवर भाताची टोपली घेऊन तलावावर आली. सोबत शेजारच्या दोघी-तिघी होत्या, त्यांच्याही हातात काही ना काही झाकलेलं. शामकलानं सगळ्यांना नमस्कार केला आणि सगळं परत पाठवलं.

"मामी, नियम आहे," ती म्हणाली. "आमचं आम्ही आणलं आहे. तुम्हाला तोशीस नको."

देवकाबाईनं भाचीकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं बाई," एवढंच म्हणाली, भांडं पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि उतरून गेली. बाकीच्या बायाही मागोमाग गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावचे पुरुष येऊन मोहाखाली बसायला लागले. आमचा शिबिरप्रमुख ईश्वरदास, नागपूरच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा, मनानं सोन्यासारखा आणि उत्साहानं उतू जाणारा. ऊन लागतं म्हणून तो पाळीवर काळी छत्री घेऊन उभा राहायचा आणि कामाची पाळी बदलली की शिट्टी वाजवायचा. संध्याकाळी गावात जाऊन तो देशाच्या उभारणीवर बोलायचा. लोक शेवटपर्यंत ऐकायचे, "हो जी" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सावलीला येऊन बसायचे. त्यांनी त्याचं नाव दिवाणजी ठेवल्याचं आम्हाला कळलं, तेव्हा ईश्वरदासला तो मान वाटला होता. त्यानं हसून मिशीवरून हात फिरवला. गावातून खाली उतरून आमच्याजवळ आला तो एकटा गुराखी, आणि त्यालाही फक्त एवढंच विचारायचं होतं, की म्हशींचं डबकं आम्ही कधी मोकळं करणार.

तीन-चार दिवस असे गेले. आमच्याच हातानं जेवढे थर बसले ते पाहून मला हिशेब करायची भीती वाटत होती. या चालीनं मृग काय, पोळाही गाठला नसता. सरांनी सांगितलं, कामठ्याच्या आठवडी बाजारापर्यंत वाट पाहू. बाजार झाला की ट्रक भरायचे.

शामकलानं आपल्या मामाला विचारून पाहिलं. मनिराम चांगला शेतकरी, पण घुमा माणूस. पाहू, म्हणाला. कधी पाहणार, तर सगळे पाहतील तेव्हा. मामीला विचारलं, तर ती म्हणाली की पुरुषांच्या गोष्टी पुरुषांना विचार.

मग ती सरळ मोहाखाली गेली. तिथे टिकाराम बसलेला असायचा. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. शामकलानं त्याला पाणी दिलं आणि शेजारी बसली. मी जवळच खुंट्या ठोकत होतो.

"बाबाजी, तुम्ही लोक रोज येता, पण खाली काऊन नाही उतरत?"

टिकारामनं पाणी पिऊन गडवा उपडा केला. "आदी तू सांग. हे पोट्टे कोनाची बेगार करून राहिले?"

शामकला हसली. "बेगार नाही. आम्ही आपल्या मनानं आलो."

"मनानं कोन माती उचलते? मजुरी भेटते?"

"नाही."

"जेवण?"

"आमचं आम्ही आणलं आहे."

"मंग बेगारच झाली ना बाई. मजुरी नाई, आन् पेज घरून आणायची. मालगुजाराच्या वक्ताले आमी बी असेच येत होतो. तुंब्यात पेज बांधून." त्यानं पाळीवरच्या छत्रीकडे हनुवटी केली. "तो तुमचा दिवाणजी वरतून शिट्टी मारते. आमच्या वक्ताले शिट्टी नोती, शिव्या होत्या. एवढाच फरक."

आजूबाजूचे पुरुष हसले. टिकाराम हसला नाही.

"आमी आज कुदळ घेऊन उतरलो, तर आमची नावं वहीत लागतीन. मंग दरसाल या म्हणतीन. एकदाचे सुटलो बाई त्यातून. तुमी शिकलेले लोक, तुमाले कोन फसवलं माहीत नाई. आमाले नको फसवू."

शामकला उठली. चुलीपाशी गेली, पण भात तसाच ठेवून एका दगडावर बसून राहिली. भात तळाशी लागला आणि त्या दिवशी आम्ही करपट भात खाल्ला. नंतर तिनं मला सांगितलं, की त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर मामाच्या घराचं छप्पर होतं.

इकडे दर उन्हाळ्यात घरांची कवेलू, म्हणजे कौलं, फेरून पुन्हा नीट रचावी लागतात. एकट्याचं ते काम नाही. ज्याचं घर असेल त्याच्याकडे अख्खी गल्ली येते, कुणी वर चढतो, कुणी खालून कवेलू देतो. मजुरी कुणी घेत नाही. पण त्या दिवशीचं जेवण घरधन्याकडे असतं आणि सगळ्यांच्या आधी घरधनी स्वतः शिडी चढलेला असतो. लोक आपल्या छपरावर आणि आपण खाटेवर, असं चालतच नाही. लहानपणी ती हेच बघत आली होती. मामीच्या हातची कढी ती वाटीवाटीनं शिडीपर्यंत नेऊन द्यायची.

या गावात बिनमजुरीचं काम दोनच प्रकारचं होतं. जेवायला मिळालं तर ते शेजारधर्माचं काम, आणि आपली पेज आपण आणावी लागली तर ती बेगार. तिसरा प्रकार कुणी पाहिला नव्हता. आम्ही नागपूरहून तांदूळ घेऊन आलो त्या दिवशीच आमची जागा ठरली होती. आणि गावानं आम्हाला त्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, तोही पहिल्याच दुपारी. ते भांडं शामकलानं स्वतः परत पाठवलं होतं.

दुपारी तिनं सरांपुढे आणि ईश्वरदासपुढे हे मांडलं. सर ऐकून घेत होते, पण नियम मोडायला तयार नव्हते. मागच्या वर्षी एका गावानं भिडेखातर मुलांना जेवू घातलं आणि नंतर बियाण्याला हात घातला होता, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. शिवाय पहिल्या दिवशी नियम पाळून जेवण परत कुणी केलं, असंही त्यांनी विचारलं.

"मीच केलं, सर," शामकला म्हणाली. "तेच भांडं परत आणायला मला जायचं आहे. आपला तांदूळ आपण जाताना शाळेला देऊ. पण जेवण गावाचंच हवं, एकच वेळ का होईना."

ईश्वरदासला ते झेपलं नाही. "यानी अब हम गाँव में भीख माँगेंगे?"

"भीख नाही, ईश्वरदासजी. ज्याचं काम त्याचं जेवण. त्यांनी जेवण दिलं तर काम त्यांचं होईल. आता ते तुमचं आहे, म्हणून तर ते तुम्हाला दिवाणजी म्हणतात."

दिवाणजी म्हणजे मालगुजाराचा बेगार करवून घेणारा कारभारी, हे त्या वेळी ईश्वरदासला समजलं. त्यानं हातातल्या छत्रीकडे पाहिलं.

सरांनी शेवटी एका वेळच्या जेवणाला होकार दिला, पण एका गोष्टीवर ते अडले. शिबिरात सगळे एका पंगतीत जेवायचे, हा दुसरा नियम. तो मात्र ते काही झालं तरी सोडणार नव्हते. आमच्यात केवळराम होता, सायन्सचा विद्यार्थी, कुदळीवर सगळ्यांत पक्का हात. दीड-दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. सालईटोल्यात त्याच्या समाजाची वस्ती आजही गावाच्या बाहेर, पाणवठा वेगळा. आम्ही सगळे त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो. तोच बोलला.

"बिसेनबाई, तुम्ही जेवण मागायला जाल तर माझं नाव आणि माझी वस्ती सांगून मागा. पंगत बसल्यावर त्यांना कळायला नको, आणि त्यांना मी चालत नाही हे मलाही तेव्हा कळायला नको. आणि गावाबाहेरची घरं वगळू नका. तलावाखाली त्यांच्याही शेतांचे धुरे आहेत."

शामकला निघाली. सोबत दुसरी एक मुलगी आणि मागून मी, कारण ईश्वरदासनं मला पाठवलं. तिनं कुणाला पाळीचं काम विचारलंच नाही. दारात उभी राहायची आणि सांगायची, काकी, उद्या दुपारचं आमचं जेवण तुमच्याकडे आहे, पाळीवर घेऊन या, पंगत एकच राहील आणि त्यात केवळरामही आहे. कुणी विचारायच्या आधीच केवळराम कोण तेही सांगायची. हे सगळं एका दमात. काही बाया ऐकून घेऊन आत वळल्या. एका घरी म्हातारीनं नुसतं पाहून कडी लावली. एका घरी तिला बराच उपदेश मिळाला, तोही तिनं उभ्यानं ऐकला. एका बाईनं हात कमरेवर ठेवून विचारलं, "काऊन वो, तुमच्या नागपूरचा तांदूळ सरला का?"

"तांदूळ आहे काकी. चव नाही त्याला."

ती बाई खळखळून हसली आणि किती माणसं आहेत ते विचारू लागली. बाहेरच्या वस्तीत तर बायांनी आमच्या आधीच पिठाचे डबे उघडले. तिथे आम्हाला गूळ-पाणी मिळालं, जे आम्ही घेतलं, आणि ही बातमी आमच्या आधी गावात पोचली.

सगळ्यात शेवटी ती मामाच्या घरी गेली. हे दार तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, असं मला वाटलं. मनिराम ओसरीवर दोर वळत होता. पंगत एकच, हे ऐकल्यावर त्याचे हात थांबले. पण मामी आतून बाहेर आली.

"एकच तर एकच," देवकाबाई म्हणाली. "पत्रावळी किती लागतीन ते सांग. ऐन वक्तावर पानं कमी पडली तर माझी फजिती होईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया पाळीवर चढू लागल्या, तेव्हा आम्ही काम थांबवून बघत राहिलो. सगळं गाव नव्हतं, अर्ध्याहून थोडं जास्त असेल. भाताच्या टोपल्या, लाखोळीची डाळ, कैरीची चटणी, कांदे आणि देवकाबाईचं तेच कढीचं भांडं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. आम्ही बसलो. केवळराम मधोमध बसला, एका बाजूला ईश्वरदास. बाया वाढायला पुढे झाल्या आणि पहिली कोण जाते म्हणून एक क्षण थबकल्या. देवकाबाई ओळीच्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाला सारखी वाढत आली. केवळरामसमोर आल्यावर तिनं वाकून विचारलं, "बापू, कढी भातावर घेशीन का बाजूले?"

"भातावर," केवळराम म्हणाला.

मग बाकीच्या बायाही सुटल्या. बाहेरच्या वस्तीतली भाकरी माझ्या पानात आली, ती वाढणारी बाई संकोचानं लांबून टाकत होती. शामकलानं तिच्या हातातली टोपली घेतली आणि स्वतः ओळभर भाकरी वाढली.

पुरुष मोहाखालीच होते. टिकारामनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरचा भात गेला ना पाळीवर?" तो म्हणाला. "मंग घरधनी इथं कायले बसले? लोक कवेलू फेराले चढले आन् घरधनी खाटेवर, असं पाह्यलं का कोनी?"

एकानं धोतर खोचलं. दुसरा घरी गेला, आम्हाला वाटलं तो रागावला, पण तो कुदळ घेऊन आला. आम्ही हात धुऊन खाली उतरलो, तेव्हा तलावाच्या पोटात आमच्या आधी माणसं उभी होती. टिकाराम काठी टेकत ईश्वरदासपाशी गेला आणि त्यानं त्याला छत्री मिटायला सांगितली. ईश्वरदासनं ती मिटली, शिट्टी गळ्यातून काढली आणि जवळ उभ्या गुराख्याच्या हातात दिली. पुढे ती शिट्टी म्हशींना बोलवायला फार उपयोगी पडली.

आणि म्हशींची खरोखर गरज होती. धुमसानं आम्ही दिवसभरात जेवढा थर ठोकत होतो, तेवढा गावच्या म्हशींचा कळप सकाळच्या एका फेरीत तुडवून बसवायचा. ही युक्ती गावानं काढली आणि थर किती ओला ठेवला की खुरानं नीट बसतो, त्याचा अंदाज केवळरामनं बसवला. दोघांना एकमेकांची गरज पडली. बंड्या आल्या. कावडीनं पाणी येऊ लागलं. रोज वेगळ्या घरांची टोपली पाळीवर यायची आणि ज्यांची टोपली आली ते घरधनी त्या दिवशी सगळ्यात आधी हजर. कामठ्याचा बाजार आला आणि गेला, ट्रकची आठवणही कुणी काढली नाही.

मनिराममामा मात्र पहिले काही दिवस काम करायचा, आणि जेवायच्या वेळी गुपचूप घरी जायचा. शामकला ते रोज बघायची. एका दुपारी तो घरी गेला तर चूल थंड.

"भात पाळीवर आहे," देवकाबाईनं त्याला सांगितलं होतं. हे तिनंच नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. "घरी एक चूल, पाळीवर एक चूल, दोन चुली कोन पेटवते?"

मामा परत आला आणि ओळीच्या अगदी टोकाला बसला. दुसऱ्या दिवशी तो त्याच टोकाला बसला, पण वाढायला उशीर झाला म्हणून कुरकुरला. तेव्हा शामकलानं मला डोळ्यांनी खूण केली.

रोहिणीचे पहिले थेंब पडायच्या आत पाळ उभी राहिली. शेवटचा थर बसल्यावर टिकाराम तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, काठी ठिकठिकाणी रोवून पाहत. कुठेच काठी रुतली नाही. मग तो शामकलाजवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. हाताला ओली माती होती. ती तिनं दिवसभर केसांत तशीच राहू दिली.

श्रावणात तलाव भरला. पाणी सांडव्यावरून गेलं, पाळीतून थेंब नाही. हस्त त्या वर्षीही हात राखूनच होता, पण या वेळी तलावात पाणी होतं. लोंब्या दाण्यानं वाकल्या. दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, शामकला नागपूरहून मुद्दाम आली, आम्ही काहीजण सोबत होतो. दंडारीच्या नाचात एक सोंग आलं, काळी छत्री आणि गळ्यात शिट्टी. पाठीमागून बायांच्या वेशातले गडी टोपल्या घेऊन त्याला पळवून पळवून जेवू घालत होते. ईश्वरदास आमच्यातच बसला होता. इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर त्या सोंगानं त्याला ओढून मधे नेलं आणि छत्री त्याच्या हातात दिली. तो गावाबरोबर नाचला.

आज, साठ सालच्या उन्हाळ्यात, शामकला गोंदियाच्या मुलींच्या शाळेत शिकवते. सुट्टीत सेवा मंडळाची शिबिरं चालवते, दरवर्षी नवे विद्यार्थी घेऊन. आता शिबिराला भोजन विभागच नाही. गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मुलामुलींना दारोदार पाठवायचं, काम सांगायला नव्हे, जेवण मागायला, आणि पंगत एकच आहे हे आधी सांगायला. पहिल्या वर्षाची मुलं दारात उभी राहून लाजतात. ती त्यांना लाजू देते. सालईटोल्याच्या पाळीवर गाव दर वैशाखात माती घालतं. गेल्या महिन्यात मी तिथे लेव्हल लावून पाहिली. पाळ जेवढी खचायला हवी त्याहून कमीच खचली आहे. माझं माप टिकारामला दाखवलं तर त्यानं ते दुरून पाहिलं आणि मला काठी देऊ केली.

शामकला पाळ पाहायला आली की मामीकडेच उतरते. एक प्रश्न तिनं मामीला निदान दहादा विचारला असेल. यंदा माझ्यासमोर विचारला. मामी वाढत होती, आणि दरवेळेसारखं तिनं उत्तराऐवजी तिच्या पानात आणखी कढी ओतली. कधी शामकलाला वाटतं मामी दुखावली होती. कधी वाटतं मामीलाही तेव्हा कळलं नसेल. कधी वाटतं, भाची स्वतःहून भांडं मागायला येते का, याची ती वाट बघत बसली होती, धान वाळायची जोखीम पत्करून. कढीच्या ओल्या हातानं शामकलानं मामीचा पदर धरला आणि पुन्हा विचारलं:

"मामी, पहिल्या दिवशी मी भांडं परत केलं, तवा तुले सगळं समजत होतं ना? मंग मले तिथंच काऊन नाई सांगितलं?"